कारबन धरलाय

माझं काम काय आहे ते बाबांना मला कधी नीट समजावता आलं नाही. मी नदीच्या पाण्यातला कार्बन मोजते, असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते मोरिवलीतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये एका जुन्या स्कूटरचा प्लग पॉलिश पेपरने घासत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि काळजीने विचारलं, "नदीत कारबन धरलाय?"

त्यांच्या धंद्यात ह्या शब्दाला एकच अर्थ होता. पेट्रोल नीट जळलं नाही की इंजिनात काजळी साचते, गाडी खोकायला लागते, किक मारून मारून गिऱ्हाइकाचा पाय दुखतो. मग मिस्त्री प्लग काढून उजेडात धरतो आणि निकाल देतो, कारबन धरलाय. घासून काढला की गाडी सुरू. म्हणजे कार्बन ही मोजायची गोष्ट नव्हेच, काढायची गोष्ट.

"तसा नाही हो बाबा. पानात, मातीत, लाकडात, आपल्या अंगात, सगळीकडे असतो तो. नदी तो वाहून नेते. किती नेते आणि कुठे सोडते ते आम्ही मोजतो."

"मोजून?"

"मोजून पेपर छापतो."

"आणि काढता कधी?"

बाबांनी परस्पर ठरवून टाकलं की पोरगी नदीतला कार्बन काढायचं सरकारी काम करते, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. उल्हासनगरहून स्पेअर पार्ट घेऊन येणारे एक सिंधी काका होते. ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "साईं, बेटी को बोलो, वालधुनी नदी को भी हाथ लगाये. दुकान के पीछे बहुत बास मारती है." मी फणकारले की मी साफसफाई करत नाही. बाबांनी मला हाताने गप्प केलं आणि काकांना म्हणाले, "अभी टेस्टिंग चालू है."

आमची उल्हास तशी मोठ्या नद्यांच्या पंक्तीत बसत नाही. माझे सर गोदावरीवर होडी घेऊन जातात, काँगो आणि अ‍ॅमेझॉनवर काम केलेल्या लोकांच्या गप्पा सांगतात, आणि माझ्या नदीला प्रेमाने ओहोळ म्हणतात. पण रसायन तेच. सह्याद्रीच्या उतारावर पान गळतं, कुजतं आणि पाण्याबरोबर खाली येतं. शेतांची माती येते. गावं लागली की मोऱ्या येतात, गणपतीनंतर निर्माल्य येतं. ह्या सगळ्यात कार्बन असतो. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपल्याकडच्या नद्या कोमट, त्यामुळे त्या जिवांची भूकही मोठी. म्हणून आपल्या नदीत हा वायू हवेच्या मानाने कितीतरी जास्त भरलेला असतो. पूर्वी अभ्यास करणारे लोक नदीला पाइप समजायचे, डोंगराकडून आत आलं ते सगळं समुद्रात जाऊन पडलं. तसं होत नाही. बराचसा कार्बन वाटेतच हवेत निघून जातो, थोडा गाळात बसतो आणि उरलेला खाडी गाठतो.

हे सगळं बघायला बाबा एका रविवारी माझ्याबरोबर बदलापूरच्या बॅरेजवर आले. मी पाण्यात गुडघाभर उभी राहून बाटल्या भरत होते आणि ते काठावर बसून सूचना देत होते. बाटली पाण्याखालीच भरायची आणि बुडबुडा न राहता पाण्याखालीच बंद करायची, हे त्यांना फार आवडलं. वर आल्यावर मी प्रत्येक बाटलीत विषाचा एक थेंब सोडला, ते मात्र आवडलं नाही.

"चांगल्या पाण्यात विष कशाला?"

"आतले जीव जिवंत राहिले तर बंद बाटलीतही श्वास घेत राहतात. वायू वाढत जातो आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते. मग माझा आकडा खोटा येतो."

मी बंधाऱ्याच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगवेगळं का घेते, ते मग बाबांनी विचारलं. मी सांगितलं की पाणी वरून आदळतं, फेसाळतं, तेव्हा पोटातला वायू हवेत सोडतं, म्हणून खालच्या बाटलीत तो कमी सापडतो.

"मग काढता की तुम्ही कारबन!"

"आम्ही नाही, नदीच काढते."

"तेच ते," बाबा म्हणाले आणि त्या दिवसापुरता विषय संपला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं की पोरीचं काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, एकदम बरोबर चाललंय.

तेव्हाही ते खोकत होते. आमच्याकडे खोकल्याला कोणी आजार म्हणत नसे, तो बाबांचा आवाज होता. कितीतरी वर्षं त्यांनी टू-स्ट्रोक गाड्यांचे सायलेन्सर लाकडांच्या जाळात टाकून भाजले होते, कारण आतला चिकट कार्बन जाळल्याशिवाय सुटत नाही. तो पांढरा-निळा धूर, वर बिडी. नाकाला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणायचे, रुमालातून वास कळत नाही, आणि वास कळला नाही तर सायलेन्सर झाला की नाही कसं समजणार.

शेवटी जिना चढताना मधल्या मजल्यावर बसायला लागले तेव्हा आम्ही त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजावून सांगणारे होते. त्यांनी टेबलावरचा कागद उलटा करून फुप्फुसं काढली आणि म्हणाले, "ह्यांची हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतोय."

बाबांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "हिचा विषय आहे, डॉक्टर," ते म्हणाले. डॉक्टर हसले, आईही हसली. मला मात्र रडू फुटेल असं वाटलं, कारण त्यांच्या डोळ्यांत खरोखरच निर्धास्तपणा होता. घरात कार्बनची जाणकार आहे म्हटल्यावर त्यांना कसली भीती?

परतताना रिक्षात म्हणाले, "नदीला जमतं ते मला का जमत नाही गं?"

"नदीला फुप्फुसं नसतात."

"तरीच बिघडत नाहीत," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

गॅरेज बंद झालं आणि सोनिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं. फ्रिजच्या शेजारी ते दिवसभर घुरघुरत असे. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं होतं की मशीन दोनवरच ठेवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नव्वदच्या आसपास दिसलं तरी ह्यांच्यासाठी ते पुरे. जास्त ऑक्सिजन दिला तर ह्यांच्या शरीराचं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं आणखी मंदावेल. आईने मान डोलावली होती. मीही घरी येऊन तेच पुन्हा सांगितलं होतं.

पण आईच्या डोक्यात दुसराच आकडा पक्का बसला होता. कोविडच्या दिवसांत माझा मामा, तिचा पाठचा भाऊ, घरातच गेला. सिलिंडरसाठी आम्ही उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथ पालथं घातलं आणि मिळाला नाही. आई त्याच्या उशाशी बसून त्याच्या बोटावरचा आकडा खाली जाताना बघत होती. नव्वद, मग ऐंशीच्या घरात, मग त्याच्याही खाली. तेव्हापासून तिच्या लेखी पंचाण्णवच्या वर म्हणजे माणूस आपला आणि त्याच्या खाली म्हणजे हातातून चालला. बाबांचा एकोणनव्वद आकडा ती दिवसभर बघायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. भेटायला येणारे तिला आणखी घाबरवायचे. एकोणनव्वद? अरे बापरे! मग कापूर-ओव्याची पुरचुंडी, पालथं झोपणं, कुणाचा तरी लांबचा वैद्य. मी त्या सगळ्यांवर उखडायचे आणि आई माझ्यावर उखडायची, की लोक प्रेमाने येतात आणि तू त्यांच्या अंगावर जातेस.

गणपती होऊन गेले होते. मी रायते गावाजवळच्या पुलाखाली पाण्यात उभी होते. नदी भरून वाहत होती, झेंडूच्या माळा आणि केळीचे खांब काठाला अडकले होते. आईचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"झोपलेत. कसे शांत झोपलेत म्हणून सांगू! कधीपासून असे झोपले नव्हते. हात गरम आहेत, चेहरा कसा गुलाबी झालाय. आणि नंबर ओळख बघू. अठ्ठ्याण्णव!"

"मशीन कितीवर आहे, आई?"

"पाचवर. दुपारी फार घाबरेघुबरे झाले होते, पंच्याऐंशी दाखवत होतं. म्हटलं, जिवाशी कसली कंजुषी करायची."

"दोनवर आण. आत्ताच्या आत्ता. आणि त्यांना हलवून उठव."

"अगं, मुश्किलीने डोळा लागलाय त्यांचा."

"आई, उठव त्यांना!" मी इतक्या जोरात ओरडले की पुलावरून जाणारा एक माणूस थांबून वाकून बघायला लागला.

"केलं बाई दोनवर, केलं. ओरडू नकोस," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी बाटल्या तशाच पिशवीत कोंबल्या आणि रिक्षा पकडली. वाटेतूनच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. पुन्हा पुन्हा आईला लावत राहिले, पण बाबांची झोपमोड नको म्हणून तिने फोनचा आवाज बंद केला होता.

तिने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत बाबा उताणे झोपले होते आणि त्यांच्या पायांवर तिने तिची मऊ गोधडी घातली होती. चेहरा खरंच गुलाबी होता, कपाळ घामाने ओलसर. मी त्यांचे खांदे धरून हलवले, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. त्यांनी एकदा डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. आई माझा हात ओढत होती. "काय चालवलंयस, बाप आहे तो तुझा," असं रडत म्हणत होती.

हॉस्पिटलात रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट आला. कार्बन डायऑक्साइडचा आकडा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "घरी ऑक्सिजन वाढवला होता का?"

"हो."

त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे काचेतून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "छातीत इन्फेक्शनही आहे. दम त्यामुळेच वाढला असणार. नुसतं मशीनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. किती कशामुळे, ते नेमकं सांगता येत नाही."

किती कशामुळे हे सांगणं हाच माझा धंदा आहे. कार्बनमध्येही हलका-भारी असा फरक असतो, आणि त्यावरून आम्ही सांगतो की ह्या पाण्यातला किती झाडांचा, किती गवताचा, किती मोरीचा. पुराचं गढूळ पाणी दिलं तरी त्याचे वाटे करून दाखवतो. त्या कॉरिडॉरमध्ये मला एकही वाटा करायचा नव्हता. मी बाहेर आले आणि आईला म्हणाले, "इन्फेक्शन आहे." ती म्हणाली, "मला वाटलंच."

बाबांना मास्कचं मोठं मशीन लावलं, पण त्यांनी पुन्हा नीट डोळे उघडले नाहीत. एकदा त्यांनी माझं बोट घट्ट धरलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मग ते गेले.

दिवसकार्य झालं, लोक येत राहिले आणि आईने प्रत्येकाला तेच सांगितलं. "हॉस्पिटलात खूप हाल झाले त्यांचे. पण त्याआधी घरी मात्र अशी झोप लागली होती त्यांना! मीच मशीन वाढवलं. ही तर मलाच ओरडत होती. पण तेवढं सुख माझ्या हातून मिळालं त्यांना." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा स्थिर व्हायचा. माणसं डोळे पुसायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. मला तिचा राग येत होता, भयंकर राग. आणि ज्या क्षणी राग यायचा त्याच क्षणी ती मामाच्या उशाशी बसलेली दिसायची, आणि मग मला कुणावर रागवावं तेच कळायचं नाही. भावाला देता आला नाही तो ऑक्सिजन तिने नवऱ्याला भरभरून दिला होता. तोच त्यांना बाधला असेल, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी ठरवलं की सांगायचंच नाही. तिच्याकडे उरलेली ती एकच चांगली दुपार होती.

कामावर परत गेले तेव्हा रायत्याच्या बाटल्या पिशवीत तशाच निघाल्या. विषाचा थेंब घालायचा राहून गेला होता. सर म्हणाले, आता त्यांचा उपयोग नाही, ओतून टाक. मी बेसिनजवळ उभी राहून एकेक बाटली ओतली आणि तिथेच खूप रडले. सर बिचारे दार ओढून निघून गेले.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, त्यांच्याही छातीचं तेच दुखणं. परवा संध्याकाळी त्यांच्या मिसेस वर आईकडे आल्या. काकांसाठीही मशीन आलं होतं. डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलंय, पण बटणं कळत नाहीत, भीती वाटते, वहिनी तुम्हाला सवय आहे, जरा दाखवता का?

बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. ती उठली, केसांचा अंबाडा बांधला, चष्मा शोधून घातला. कुणाला तरी तिचा उपयोग होता आणि तेवढ्याने तिच्या अंगात जीव आल्यासारखा दिसला.

"तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," ती म्हणाली. "आणि दोनवर काय ठेवता हो? डॉक्टर लोक आपले घाबरतात. चांगलं पाचवर करू. बघा कसे शांत झोपतील. आमचे झोपले होते."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्या खाली गेल्या.

आई चपला घालत होती. मी जाऊन दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले.

"आई, थांब. तिथे पाचवर करायचं नाही."

"का? तुझ्या बाबांना..."

"बाबांना श्वास आत घ्यायला त्रास होता, पण खरा त्रास बाहेर टाकायला होता. ऑक्सिजन वाढवला की बाहेर टाकणं आणखी कमी होतं. मग आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुंगी येते. माणूस शांत दिसतो. हात गरम होतात, चेहरा लाल होतो. ते सगळं त्यानेच."

"म्हणजे ती झोप नव्हती?"

"नाही, आई."

"आणि तुझ्या मामाचं?"

"मामाचं वेगळं होतं. त्याला खरंच ऑक्सिजन हवा होता."

मी घाईघाईने म्हणाले की इन्फेक्शन होतंच, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, कशाने किती झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. तिने ते ऐकलंच नाही. "मी फोन केला तेव्हा तुला कळलं होतं," ती म्हणाली. मी हो म्हणाले. मला वाटलं ती आता खाली बसेल, किंवा मला मारेल, किंवा ओरडेल. मी तिला धरायला हात पुढे केला, तो तिने अलगद बाजूला केला, कडी काढली आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरायला लागली.

मी तिच्यामागून गेले. खालचं दार उघडंच होतं आणि मशीन चालू झालं होतं. आई काकांच्या पलंगाजवळ उभी होती, एका हाताने मशीनचा खटका धरून. तिचा आवाज अगदी साधा होता.

"डॉक्टरांनी दोन सांगितलंय ना, मग दोनच. नंबर कमी वाटला तर त्यांना फोन करायचा, आपण हात लावायचा नाही. आणि हे कधी असे गाढ झोपले, चेहऱ्यावर लाली आली, तर खूश होऊ नका. हलवून उठवा. नाहीच उठले तर लगेच हॉस्पिटल. मला माझी मुलगी सांगत होती, उठव म्हणून. मी नाही उठवलं."